पैनगंगेचा अलीकडचा काठ : सीमेवरच्या बंडखोरांविषयीच्या लेखसंग्रहाची प्रस्तावना

१२ नोव्हेंबर १९३१ रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात एक लग्न लागले. नवरदेव होता हैदराबादच्या निजामाचा थोरला मुलगा आझम जाह. नवरी दुर्रूशहवार ही शेवटच्या तुर्की खलिफाची, दुसऱ्या अब्दुल मजीदची मुलगी. सासरा तेव्हा हद्दपारीत दिवस काढत होता. पुढे १९३६ साली निजामाचा इंग्रजांशी वऱ्हाडाबद्दल करार झाला, आझम जाहला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली आणि दुर्रूशहवार 'प्रिन्सेस ऑफ बेरार' म्हणून ओळखली जाऊ लागली. बेरार म्हणजे वऱ्हाड : अकोला, अमरावती, बुलढाणा आणि यवतमाळ. त्यात आमचे मूर्तिजापूरही आले. इस्तंबूलमध्ये जन्मलेली एक शहजादी कागदोपत्री आमची युवराज्ञी होती. इथल्या जिनात सरकी वेगळी करणाऱ्या माणसाला त्याची खबर असण्याचे काहीच कारण नव्हते.

तिच्या बापाची गादी ३ मार्च १९२४ रोजी अंकाराच्या संसदेने मोडली. खिलाफत गेली आणि कुटुंबाला देश सोडावा लागला. तुर्क आणि कुर्द यांना बांधून ठेवणारा सामाईक धर्मसत्तेचा दुवाही त्याच निर्णयाने तुटला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९२५ मध्ये, शेख सईद या नक्शबंदी शेखाने आग्नेय तुर्कस्तानात बंड पुकारले. बंडाच्या भाषेत शरियत होती आणि कुर्दांचे वेगळेपणही होते, कुठले किती यावर अभ्यासक अजून भांडतात. २९ जून १९२५ रोजी शेख सईदला दियारबकरमध्ये फाशी झाली. ज्या निर्णयाने दुर्रूशहवार देशोधडीला लागली, त्याच निर्णयाने कुर्द बंडाच्या शंभर वर्षांची सुरुवात करून दिली. तुर्कस्तान, इराण, इराक, सीरिया असे चार देश आणि त्यांच्या सीमांवर मिळून तीन-चार कोटींचा एक समाज, हा या पुस्तकाचा मुख्य विषय.

मूर्तिजापुरातल्या माणसाने त्याला प्रस्तावना का लिहावी, हा प्रश्न रास्त आहे. भुसावळ-नागपूर मार्गावरचे हे एक जंक्शन. इथून अचलपूर आणि यवतमाळकडे शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ फुटतात, एवढीच गावाची बाहेर ओळख. पण माझे म्हणणे असे की कुर्द प्रश्न समजायला वऱ्हाडी वाचकाला झाग्रोसच्या डोंगरापर्यंत जायला नको. कारंजा, मंगरूळपीर, वाशीम करत दक्षिणेला उतरले की पैनगंगेचे खोरे लागते. पैनगंगा ही निजामाच्या राज्याची सरहद्द. १९४७-४८ च्या तेरा महिन्यांत या सरहद्दीच्या अलीकडच्या बाजूला आपण होतो. पलीकडच्या राज्याविरुद्ध लढणाऱ्यांना जागा, भाकर आणि वाट देणारे आपणच होतो. सीमेवरच्या बंडाबद्दल लिहिणारे बंडखोराकडे पाहतात, नाहीतर त्याच्यावर तोफा डागणाऱ्या सरकारकडे. आसरा देणाऱ्या तिसऱ्याकडे फार थोडे पाहतात. मला वाटते गोष्टीची किल्ली त्या तिसऱ्याकडे असते.

आधी ही सरहद्द कशी होती ते सांगायला हवे. निजामाच्या फौजेचा खर्च भागत नाही या सबबीखाली डलहौसीने १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात घेतले. १८६० साली धाराशिव आणि रायचूर परत गेले, वऱ्हाड राहिले. १९०२ मध्ये कर्झनने निजाम मीर महबूब अली खानाकडून वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने लिहून घेतले आणि पुढच्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडले. पुढचा निजाम मीर उस्मान अली खान याने ते परत मागितले, तेव्हा १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगने त्याला सणसणीत नकार दिला. १९३६ च्या कराराने मात्र तोंडदेखली समजूत काढली : राज्य इंग्रजांचे, सार्वभौमत्व निजामाचे, इंग्रजांच्या निशाणाशेजारी त्याचे निशाणही लावायला मुभा. अकोल्याचा माणूस कर भरायचा नागपूरच्या सरकारला आणि प्रजा होता हैदराबादची. एवढा गुंतागुंतीचा कागद कुर्दिस्तानच्या वाट्यालाही क्वचितच आला असेल.

पैनगंगेपलीकडचा मुलूख आमच्याकडे 'मोगलाई' म्हणून ओळखला जाई. त्याच गोताची, त्याच बोलीची माणसे दोन्ही काठांवर होती. लेकी दिल्या-घेतल्या जात. फरक राज्यात होता. पलीकडे गेले की करोडगिरीचा नाका, हाली सिक्का, उर्दूतले दफ्तर. अलीकडे कळदार रुपया आणि मराठी शाळा. मराठवाड्यातली शिकू पाहणारी पोरे बाहेर पडत ती याच कारणाने, आणि बाहेरचे वारे आत नेत तीही तीच. राजकारण करायचे तर सरहद्द ओलांडावी लागे. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, हे एकच उदाहरण पुरे.

आता १९४७. १२ जूनच्या फर्मानाने निजामाने सांगून टाकले की इंग्रज गेले की आपण स्वतंत्र. इंग्रजांचा भाडेपट्टा इंग्रजांबरोबर संपतो, म्हणजे वऱ्हाड आपोआप आपल्याकडे परत येते, अशीही त्याची भूमिका होती. आज ती हास्यास्पद वाटेल. त्या उन्हाळ्यात वाटत नव्हती. ८ ऑगस्टला अकोल्यात शंकरराव देव, ब्रिजलाल बियाणी आणि इतर पुढारी बसले आणि 'अकोला करार' झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात तो महाराष्ट्र आणि विदर्भाच्या वाटणीचा कागद म्हणून वाचला जातो. पण तो झाला तेव्हा सात दिवसांनी आपण नेमके कुणाचे होणार हा वऱ्हाडापुढे खरा प्रश्न होता, हे ध्यानात ठेवून वाचला तर त्यातली घाई कळते.

१५ ऑगस्टला स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना हैदराबादेत अटक झाली. २९ नोव्हेंबरला दिल्ली आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला, स्वामीजी सुटले आणि दोन महिन्यांत पुन्हा आत गेले. तोवर लढा सरहद्दीवर आला होता. दिगंबरराव बिंदूंच्या अध्यक्षतेखाली स्टेट काँग्रेसची कृती समिती संस्थानाबाहेरून काम करू लागली. सोलापूर, बार्शी, मनमाड, उमरखेड, चांदा, तिकडे गदग आणि बेझवाडा असे संस्थानाभोवती कॅम्पांचे कडे उभे राहिले. 'कॅम्प' हा शब्द मराठीत त्या वर्षी असा काही रुजला की मराठवाड्यातली जुनी माणसे 'आमचा कॅम्प' असे म्हणत ते आपल्या शाळेबद्दल बोलावे तसे.

कॅम्पात काय चाले? सुरुवातीला करोडगिरीचे नाके मोडणे, शिंदीची झाडे तोडून अबकारी उत्पन्न बुडवणे, लेव्हीचे धान्य आणि पटवाऱ्यांची दफ्तरे जाळणे. मग बंदुका आल्या. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकार संघटनेने खेड्यांत धुमाकूळ घातला होता. निजामाचा पंतप्रधान मीर लायक अली याचे सरकार तिला आवरत नव्हते आणि आवरू इच्छितही नव्हते. लुटलेली, जाळलेली गावे सोडून माणसे वऱ्हाडात येत. त्यांच्या मागोमाग हल्लेखोर नदीपर्यंत येत, कधी ओलांडूनही येत. मग कॅम्पावरची तुकडी रात्री उलट वाटेने जाई. पावसाळ्यात नदी भरली की दोन्हीकडचे थंडावत.

यातला एक प्रसंग मला नेहमी अडवतो. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक चळवळीतल्या तरुणांनी लुटली. शस्त्रांना आणि कॅम्पांना पैसा लागत होता. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. लूट करणारे गांधींच्या काँग्रेसचे होते आणि त्यांचा नेता भगव्या कपड्यातला संन्यासी होता. या विसंगतीवर पडदा टाकायची आपल्याकडे रीत आहे. गौरवग्रंथांत उमरी येते ती साहसकथा म्हणून. नरहर कुरुंदकर आणि अनंत भालेराव यांनी या लढ्यावर लिहिताना भाबडेपणा टाळला, म्हणून त्यांची पुस्तके अजून वाचवतात. माझे मत विचाराल तर त्या तरुणांनी केले ते त्या परिस्थितीत समर्थनीय होते. पण तेवढे म्हटल्यावर दियारबकरच्या डोंगरात बँक लुटणाऱ्या कुर्द तरुणाबद्दल बोलताना मला जीभ जरा आवरावी लागते. वाचकाचीही आवरली जावी अशी इच्छा आहे.

हैदराबादच्या सरकारी बातमीपत्रांत कॅम्पांवरचे लोक काय होते? भारतीय हद्दीतून येऊन पोलीस चौक्या जाळणारे दरोडेखोर. लायक अली दिल्लीला तक्रारी पाठवत होता : तुमच्या भूमीवरून आमच्यावर छापे पडतात, तुम्ही नाकेबंदी केली आहे, कराराचा भंग होतो आहे. दिल्ली रझाकारांच्या छाप्यांच्या याद्या परत पाठवत होती. त्यात मेमध्ये गंगापूर स्टेशनवर मद्रास-मुंबई मेलवर झालेला हल्ला होता, जुलैत सोलापूरजवळ नानज इथे झालेली चकमक होती. शिवाय निजामाने पाकिस्तानला दिलेले २० कोटी रुपयांचे कर्ज आणि सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून रात्री-अपरात्री विमानांनी आणलेली शस्त्रे. दोन्ही याद्यांत बरेचसे खरे होते. २१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादने प्रकरण संयुक्त राष्ट्रांत नेले. सुरक्षा परिषद पॅरिसमध्ये ते ऐकायला बसली १६ सप्टेंबरला. तोवर भारतीय फौज आत शिरून तीन दिवस झाले होते.

कॅम्पांना मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारची डोळेझाक होती म्हणा की हातभार होता म्हणा. पंडित रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री आणि द्वारकाप्रसाद मिश्र गृहमंत्री असताना त्यांच्या पोलिसांच्या नजरेआड उमरखेडला सशस्त्र माणसे राहत होती, असे मानायला मी तयार नाही. मुंबई सरकारचेही तेच. दिल्लीने अधिकृतपणे हात झटकले आणि प्रत्यक्षात हात आखडला नाही. तुर्कस्तान सीरियावर, इराक इराणवर, इराण इराकवर गेली पन्नास वर्षे जो आरोप करत आले आहेत, तोच आरोप आपल्यावर होता आणि तो बहुतांशी खरा होता.

१३ सप्टेंबरला सुरू झालेली फौजेची कारवाई, म्हणजेच 'पोलीस अॅक्शन', १७ तारखेला संपली. मुख्य फळी सोलापूरहून नळदुर्गमार्गे मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखाली गेली. १८ ला निजामाच्या फौजेचा प्रमुख जनरल एल एद्रूसने शरणागती दिली. आसरा देणाऱ्याचीच फौज चालून गेली, संस्थान भारतात आले, कॅम्प मोडले, माणसे घरी गेली. जगातल्या सीमाबंडांच्या इतिहासात असा शेवट फार थोड्यांच्या नशिबी आला आहे. आपल्याला तो इतका सवयीचा झाला की तो अपवाद आहे हेच आपण विसरलो.

आणि तो निर्मळही नव्हता. पोलीस अॅक्शननंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात, विशेषतः उस्मानाबाद आणि नांदेड जिल्ह्यांत आणि खाली बिदर-गुलबर्ग्याकडे, मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले त्याची चौकशी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांनी नेहरूंच्या सांगण्यावरून केली. मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. बाहेरून, सोलापूरसारख्या भारतीय शहरांतून, शस्त्रे घेऊन आलेल्या जातीय संघटनांच्या माणसांचा त्यात हात होता, असेही अहवालात आहे. तो अहवाल लोकांना पाहायला मिळाला २०१३ मध्ये. सरहद्द ओलांडायची सवय लागलेली माणसे आणि हत्यारे लढा संपला म्हणून त्याच संध्याकाळी थांबत नाहीत. कुर्द भागांवरचे लेख वाचताना हा प्रश्न सारखा समोर येईल, म्हणून तो आपल्या घरापासून सुरू केलेला बरा.

त्याच सरहद्दीवर दुसरेही बंडखोर होते. तेलंगणातले कम्युनिस्ट त्याच निजामाशी आणि त्याच जहागीरदारांशी लढत होते, बेझवाड्याच्या बाजूने त्यांनाही आसरा होता. सप्टेंबर १९४८ नंतर चौधरींची फौज त्यांच्याकडे वळली आणि १९५१ च्या ऑक्टोबरपर्यंत तो संघर्ष चालला. एकाच शत्रूशी लढलेल्या दोन गटांपैकी एकाला मानपत्र मिळाले, दुसऱ्याला तुरुंग. फरक धाडसाचा नव्हता. आसरा देणाऱ्याला पुढे कोण हवे होते याचा होता.

वऱ्हाडाला ही गोष्ट १९४७ च्याही आधीपासून माहीत आहे. पेंढाऱ्यांच्या टोळ्या नर्मदेच्या खोऱ्यातून सातपुडा उतरून वऱ्हाडातून निजामाच्या मुलखात घुसत. इंग्रजांनी त्यांना थेट गाठण्याआधी त्यांच्या पोशिंद्याला गाठले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी ग्वाल्हेरच्या तहात दौलतराव शिंद्यांकडून पेंढाऱ्यांविरुद्ध उभे राहण्याचे वचन लिहून घेतले. चारच दिवसांनी पठाण सरदार अमीरखानाशी तह केला आणि तो टोंकचा नवाब झाला. उरले ते उघड्यावर पडले. करीमखान शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन दिली. चितू सातपुड्याच्या रानात भटकताना वाघाच्या तोंडी गेला. पेंढारी कुणाच्याही मुक्तीसाठी लढत नव्हते, त्यांना कुर्दांशेजारी बसवण्याचा हेतू नाही. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने वापरलेली युक्ती तेवढी दोनशे वर्षे तशीच चालत आली आहे : टोळीच्या मागे धावू नका, तिच्या यजमानाशी सौदा करा.

आता कुर्दांकडे वळू. १९२० च्या सेव्हरच्या तहात त्यांच्या स्वायत्ततेची कलमे होती. १९२३ च्या लोझानच्या तहात ती नव्हती. १९२७ पासून अरारात पर्वतावर इहसान नूरीच्या नेतृत्वाखाली बंड चालू राहिले, ते डोंगराची एक उतरण इराणात असल्यामुळे. तुर्की फौजेने हद्द ओलांडून डोंगराला वेढा घातला. पुढे १९३२ मध्ये दोन्ही देशांनी जमिनीची अदलाबदल केली. धाकटा अरारात तुर्कस्तानला गेला, इराणला दुसरीकडे तुकडा मिळाला. बंडखोरांची पाठ झाकणारी उतरण नकाशावरच हलवली गेली. सीमा हलवून बंड संपवण्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

मग महाबाद. २२ जानेवारी १९४६ रोजी इराणच्या वायव्येला कुर्द प्रजासत्ताक जाहीर झाले, सोव्हिएत फौजेच्या सावलीत. फौज गेली, डिसेंबरात प्रजासत्ताक गेले, ३१ मार्च १९४७ ला त्याचा अध्यक्ष काझी मुहम्मद याला, ते जिथे जाहीर झाले त्याच चौकात, फाशी झाली. त्याचा सेनानी मुल्ला मुस्तफा बारझानी लढत लढत सोव्हिएत हद्दीत पोचला आणि अकरा-बारा वर्षे तिथे राहिला. परत आल्यावर १९६१ पासून तो बगदादशी लढला. इराणचा शहा त्याला तोफा पुरवत होता, १९७२ पासून अमेरिकाही गुपचूप पैसा देत होती. ६ मार्च १९७५ रोजी अल्जीयर्समध्ये शहा आणि सद्दाम हुसेन यांनी हात मिळवले. शत्त-अल-अरब नदीतली हद्द शहाला हवी तशी, नदीच्या खोल प्रवाहातून, ठरली. बदल्यात कुर्दांची रसद तुटली. काही आठवड्यांत चौदा वर्षांचे बंड कोसळले आणि बारझानी निर्वासित झाला. १९७९ मध्ये तो वॉशिंग्टनमध्ये वारला. इराण-इराक युद्धात हाच खेळ दोन्ही बाजूंनी झाला. शेजाऱ्याचा कुर्द पोसायचा, घरचा चिरडायचा. त्याची परिसीमा १६ मार्च १९८८ ला हलब्जात झाली, जिथे सद्दामच्या विषारी वायूने सुमारे पाच हजार माणसे मेली.

तुर्कस्तानातली पीकेके, म्हणजे कुर्दिस्तान कामगार पक्ष, १९७८ ची. तिने १५ ऑगस्ट १९८४ रोजी एरुह आणि शेमदिन्ली या गावांवर हल्ले करून सशस्त्र लढा सुरू केला. नेता अब्दुल्ला ओजलान सीरियात बसून सूत्रे हलवत होता, तळ उत्तर इराकच्या डोंगरांत, पुढे विशेषतः कंदीलमध्ये होते. तुर्कस्तानने १९८३ मध्येच बगदादशी करार करून पाठलागावर हद्द ओलांडायची मुभा मिळवली होती. १९९२, १९९५, १९९७, २००८ असे करता करता मोहिमा येण्या-जाण्याच्या राहिल्या नाहीत, इराकच्या हद्दीत तुर्की ठाणी कायमची बसली. मधल्या पट्ट्यातली कुर्द आणि ख्रिस्ती खेडी ओस पडली. सीरियाचा आसरा मात्र एका महिन्यात संपला. ऑक्टोबर १९९८ मध्ये तुर्कस्तानने सीमेवर फौज जमवली, हाफिज अल-असदने ओजलानला बाहेर काढले, २० तारखेला अदाना इथे करार झाला आणि पुढच्या फेब्रुवारीत ओजलान नैरोबीत पकडला गेला. तेव्हापासून तो इम्राली बेटावर कैदेत आहे. बातम्यांत तुर्की गुप्तहेरांची कामगिरी गाजली. मला मोठा वाटतो तो अदानाचा कागद.

मार्च २०२३ मध्ये इराण आणि इराक यांचा सुरक्षा करार झाला. आदल्या वर्षी महसा अमिनीच्या मृत्यूनंतर उठलेल्या उद्रेकाचे खापर इराणने इराकी हद्दीतल्या इराणी कुर्द पक्षांवर फोडले होते आणि कोयाजवळच्या त्यांच्या छावण्यांवर क्षेपणास्त्रे टाकली होती. करारानुसार त्या छावण्या सप्टेंबरपर्यंत सीमेपासून हटवायच्या होत्या. यात एक कडवट गोष्ट अशी की हा आसरा इराकच्या स्वायत्त कुर्दिस्तानाच्या भूमीवर होता. कुर्दांच्या हाती स्वतःचे सरकार आले तेव्हा त्यालाही शेजाऱ्याचे ऐकावे लागले. एर्बिलमधले हे कुर्द सरकार तुर्कस्तानातून जाणाऱ्या तेलवाहिनीवर आणि इराणशी चालणाऱ्या व्यापारावर जगते, याचा हिशेब पुढच्या लेखांत सापडेल.

मग उमरखेड आणि कंदील यांत फरक काय? मोठा आहे, आणि तो झाकून तुलना करण्यात अर्थ नाही. मराठवाड्याच्या लढवय्याला अलीकडच्या काठावरच्या देशात विलीन व्हायचे होते. त्याचा यजमान आणि त्याचे ध्येय एकच होते, म्हणून यजमानाला सौदा करून त्याला टाकता आले नाही. कुर्दांच्या कुठल्याही यजमानाला त्यांचे ध्येय नको आहे. तेहरानला इराकी कुर्द हवे होते ते बगदादला टोचायला. इराणी कुर्दांनी तेच मागितले की फास. दमास्कसने तुर्की कुर्दांना तळ दिले आणि घरच्या लाखभर कुर्दांना १९६२ च्या जनगणनेत नागरिकत्वच नाकारले. असे आसरे कधी ना कधी विकले जाणारच असतात. प्रश्न भावाचा आणि वेळेचा. कुर्द नेते हे जाणत नव्हते असे नाही. बारझानीला शहाचा भरवसा नव्हता, म्हणून तर त्याला अमेरिकेची हमी हवी होती. पण डोंगरात हिवाळा काढायचा तर पीठ आणि काडतुसे कुठल्यातरी सीमेवरूनच येणार. निवड त्याच्या हाती नव्हती.

२०२५ मध्ये या गोष्टीने पुन्हा वळण घेतले. २७ फेब्रुवारीला ओजलानने तुरुंगातून संघटना विसर्जित करण्याचे आवाहन केले, १२ मे रोजी पीकेकेने तसे जाहीर केले आणि ११ जुलैला इराकी कुर्दिस्तानात सुलेमानियाजवळ तीसेक लढवय्यांनी आपल्या बंदुका आगीत टाकल्या. ऑगस्टमध्ये तुर्की संसदेची समिती बसली. तिच्यापुढचा कळीचा प्रश्न रुक्ष होता : डोंगरातून उतरणारा माणूस कुठल्या कायद्याखाली घरी येणार? गुन्हेगार म्हणून, माफीचा साक्षीदार म्हणून, की नुसता नागरिक म्हणून?

आपल्याकडे त्याचे उत्तर निघायला बरीच वर्षे लागली. सरहद्दीवरच्या कॅम्पांत राहिलेल्यांना स्वातंत्र्यसैनिक मानायचे का, पेन्शन द्यायची का, यावर केंद्र सरकारने ऐंशीच्या दशकात निर्णय घेतला. मान्यताप्राप्त कॅम्पांच्या याद्या निघाल्या, त्या पुढे वाढवाव्या लागल्या. अर्जदाराने पुरावा द्यायचा. ज्याचे सगळे काम अंधारात, खोट्या नावाने, कागद मागे न ठेवता झाले, त्याच्याकडे तुरुंगाचा दाखला नसणार. म्हणून कॅम्पप्रमुखाच्या प्रमाणपत्राला महत्त्व आले. मग प्रमाणपत्रांचाच बाजार झाला. बीड जिल्ह्यातल्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण इतके वाढले की न्यायमूर्ती पालकरांना चौकशीला बसवावे लागले. काही खरे म्हातारे अर्ज न करताच गेले, काही खोटे सन्मानाने. हा सगळा व्यवहार जिंकलेल्या बंडाचा आहे. इथे सरकार लढवय्यांच्या बाजूचे होते आणि त्यांना घ्यायला उत्सुक होते. अंकाराची समिती ज्यांच्यासाठी कायदा शोधायला बसली, त्यांच्याशी तिचे सरकार चाळीस वर्षे लढले आहे आणि त्यात चाळीस हजारांवर माणसे मेली आहेत.

या संग्रहातले लेख सलग वाचावेत असा आग्रह नाही. मात्र नकाशा जवळ ठेवावा, आणि प्रत्येक लेखात तळ कुठे आहे आणि तो कुणाच्या जमिनीवर आहे एवढे आधी पाहून घ्यावे. पहिला लेख अरारातचा आहे.